एका दगडात चार स्वभाव

(मंडळाच्या पुलाउ उबीन सहलीच्या आदल्या रविवारी सभासदांसमोर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



पुढच्या रविवारी आपण चांगी पॉइंटवरून बोटीत बसून पुलाउ उबीनला जाणार आहोत. भाड्याच्या सायकली, शहाळी, चेक जावाची ओहोटी, रानडुकरं हे सगळं तुमच्या यादीत असणारच. माझी एवढीच विनंती आहे की त्या यादीत दगडही घाला. कारण या बेटाचं नावच मुळी दगडावरून पडलंय. मलय भाषेत 'पुलाउ' म्हणजे बेट. 'उबीन' हा 'जुबिन' या शब्दाचा छोटा अवतार मानतात, आणि जुबिन म्हणजे फरशी. आपल्याकडे 'शहाबादी' म्हटलं की जशी फरशी डोळ्यांसमोर येते, तशातलाच हा प्रकार.

उबीनचा दगड म्हणजे ग्रॅनाईट. साधारण 23 ते 25 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस सावकाश थंड होत गेला आणि त्याचा हा दगड झाला. सावकाश थंड झाला म्हणून त्यातल्या खनिजांचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे झाले. आपला सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, त्या मानाने तरुण. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. तो जमिनीवर येऊन झटपट थंड झाला, त्यामुळे त्याचे दाणे इतके बारीक की तो सगळा एकसारखा काळा दिसतो. थोडक्यात, आपण मराठी माणसं एकरंगी दगडाच्या देशातून ठिपक्यांच्या दगडाच्या देशात आलो आहोत.

आता हे ठिपके काय आहेत ते पाहू. ओट्याचा एक उरलेला तुकडा मी आणलाय, तो मागच्या रांगेपर्यंत फिरू दे. उबीनवरून मात्र काही उचलून आणायचं नाही हं. तिथला दगड तिथंच राहू द्या.

पृथ्वीच्या कवचाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग सिलिकेट खनिजांचा आहे. त्यांची मूळ वीट एकच. दिवाळी आहे, तेव्हा लाडवांनीच सांगते. तीन लाडू खाली एकमेकांना चिकटवून ठेवा, त्यांच्या खाचेत वर चौथा बसवा आणि चौघांच्या मधल्या पोकळीत एक बेदाणा घाला. लाडू म्हणजे ऑक्सिजन, बेदाणा म्हणजे सिलिकॉन. ही झाली सिलिकेटची वीट. आता शेजारशेजारच्या दोन विटा कोपऱ्यावरचा लाडू वाटून घेऊ शकतात. कोणी किती लाडू वाटून घेतले यावर खनिजाचा सगळा स्वभाव ठरतो. विटा साखळीत जोडल्या तर एक खनिज, पत्र्यासारख्या पसरल्या तर दुसरं, चारही बाजूंनी जाळं विणलं तर तिसरंच.

ग्रॅनाईटमध्ये मुख्यतः चार मंडळी राहतात.

पहिलं क्वार्ट्झ. आपल्या भाषेत गार, गारगोटी. हिच्यात चारही लाडू शेजाऱ्यांशी वाटून घेतलेले, बाहेरचं कोणी मध्ये नाही. म्हणून ती कणखर. कठीणपणाच्या मोहस् मोजपट्टीवर तिचा नंबर 7 लागतो. चाकू तिला ओरखडा काढू शकत नाही, उलट तीच चाकूला ओरखडते. सगळ्या बाजूंनी सारखीच घट्ट असल्यामुळे ती कुठल्या ठराविक पातळीवर फुटत नाही. काचेसारखी वाकड्यातिकड्या, शिंपल्याच्या आकाराच्या पृष्ठांवर फुटते आणि कडा धारदार राहतात. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून पिवळसर उजेड पाहिलाय ना? तोही हिचाच गुण, घर्षणाने येणारी चमक.

दुसरं फेल्स्पार. पांढरं, कधी गुलाबी. ग्रॅनाईटचा निम्म्याहून जास्त भाग हेच असतं. जाळं क्वार्ट्झसारखंच, पण काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं, आणि हिशेब जुळवायला पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम आत घेतलेलं. कठीणपणा 6. हे मात्र जवळजवळ काटकोनातल्या दोन पातळ्यांवर सपाट फुटतं. या गुणाला आपल्या पुस्तकांत 'पाटन' म्हणतात.

तिसरा काळा अभ्रक. विटांचे पत्रे एकावर एक रचलेले, पत्र्यांमधला बंध अगदी दुबळा. त्यामुळे नखाने पापुद्रे सुटतात. कठीणपणा जेमतेम अडीच ते तीन.

चौथं हॉर्नब्लेंड. काळपट हिरवं, दुहेरी साखळ्यांचं. याच्या पाटनाच्या पातळ्यांमध्ये सुमारे 56 आणि 124 अंशांचे कोन असतात, म्हणजे शंकरपाळ्याचा आकार. यंदाचा फराळ जरा जास्तच उपयोगी पडतोय!

ओळखायची युक्ती सांगते. उन्हात दगडाच्या फुटलेल्या भागाकडे बघत डोकं हळूहळू इकडून तिकडे न्या. जो पांढरा दाणा आरशासारखा एकदम सगळाच्या सगळा चमकतो आणि लगेच विझतो, ते फेल्स्पार, कारण त्याचं पृष्ठ सपाट. जो करडा दाणा ओल्या काचेसारखा दिसतो पण आरशासारखा चमकत नाही, ती गार. काळ्यातला जो चमचम करतो आणि टाचणीने खरवडला जातो तो अभ्रक. यात यंत्र काहीच लागत नाही. डोळे आणि थोडा धीर, बस्स.

आता प्रकाशाची गंमत. ही घरी करून बघा. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात. समोर पोलराईज्ड गॉगल धरून तो सावकाश फिरवा. एका ठिकाणी पडदा काळा होईल. तसाच धरून ठेवा आणि पडदा व गॉगल यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा धरा. जुन्या इस्त्रीच्या आत असायचा तो. पापुद्रा थोडा फिरवला की काळ्या पडद्यावर तो उजळेल, आणि जाडी जुळली तर रंगही दिसतील. रंग अभ्रकाचे नव्हेत. अभ्रकात शिरताना प्रकाशाचे दोन भाग होतात आणि ते वेगवेगळ्या वेगाने चालतात. बाहेर पडेपर्यंत एक मागे पडलेला असतो. दोघं परत एकत्र आले की काही रंग कटतात, काही उरतात. याला दुहेरी अपवर्तन म्हणतात.

भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त नीटनेटकं. दगडाचा काप घासून घासून 0.03 मिलिमीटर जाडीचा करतात. तेवढ्या जाडीला दगडातून आरपार दिसतं! हा काप दोन ध्रुवकांमध्ये ठेवायचा. क्वार्ट्झचे दोन अपवर्तनांक 1.544 आणि 1.553. फरक फक्त 0.009. त्याला जाडीने गुणलं की प्रकाशाचा एक भाग दुसऱ्याच्या मागे पडतो तो 270 नॅनोमीटर. म्हणून क्वार्ट्झ करडं-पांढरं दिसतं, फार तर फिकट पिवळसर. पांढऱ्या अभ्रकाचा फरक याच्या चौपट, त्यामुळे तो निळ्या, हिरव्या, गुलाबी रंगांत झगमगतो. काळ्या अभ्रकाची आणखी एक खोड आहे. एकच ध्रुवक ठेवून काप फिरवला की तो फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंग बदलतो. फेल्स्पारमध्ये काळे-पांढरे पट्टे दिसतात, इरकली लुगड्याच्या काठासारखे. हाताने जे ओळखता येत नाही ते प्रकाशाने ओळखता येतं.

तुम्ही म्हणाल, नावं कळली, रंग दिसले, पण त्याचं करायचं काय? तर खनिजाचा स्वभाव कळला की दगड पुढे काय करणार ते कळतं.

सिंगापूरच्या पूर्वेला समुद्रात पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर हॉर्सबर्ग दीपगृह उभं आहे. जॉन टर्नबुल थॉमसन यांनी ते 1850-51 मध्ये बांधलं आणि त्याचे दगड उबीनवर घडवून नेले. दीडशेहून अधिक वर्षं लाटा सोसून ते उभंच आहे. जोहोरला जाणारा कॉजवे 1924 मध्ये रीतसर खुला झाला, त्याच्या भरावातही उबीनचा दगड आहे. दाण्यात दाणा गुंतलेला, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार दोन्ही पोलादी चाकूपेक्षा कठीण, असा हा दगड.

पण त्याच बेटावर किनाऱ्याच्या मोठाल्या खडकांवर वरून खाली उतरणाऱ्या खोल पन्हळी दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जेम्स रिचर्डसन लोगन या अभ्यासकानेही उबीनच्या खडकांवर लिहून ठेवलंय. दीपगृह पेलणाऱ्या दगडाला नुसत्या पावसाने चरे कसे पडले? इथं फेल्स्पार दगा देतं. आत घेतलेलं पोटॅशियम, सोडियम उष्ण प्रदेशातलं किंचित आम्लधर्मी पाणी हजारो वर्षं हळूहळू काढून नेतं, आणि फेल्स्पारची मऊ पांढरी चिकणमाती होते. ती वाहून गेली की गारेचे दाणे सुटे पडतात. सुटे दाणे म्हणजे वाळू. तेव्हा किनाऱ्यावर पायाला लागणारी वाळू ही त्या ग्रॅनाईटमधली न विरघळलेली गार आहे, हे लक्षात असू द्या.

आणि आता जे सांगायला मी मुख्यतः उभी आहे ते.

उबीनवर एकेकाळी सुमारे दोन हजार लोक राहत आणि खाणी हा त्यांच्या पोटापाण्याचा मोठा आधार होता. शेवटची खाण 1999 मध्ये बंद झाली. आज त्या खाणींत हिरवंनिळं पाणी भरलंय, पेकान खाणीत बगळे घरटी करतात, आपण कुंपणाशी उभं राहून फोटो काढतो. सुंदरच दिसतं ते. पण दगड फोडताना उडणाऱ्या धुळीतही तेच क्वार्ट्झ असतं. कण काही मायक्रॉनचा असला की तो थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. तिथं तो विरघळत नाही. ज्या गुणामुळे वाळू टिकते, तोच गुण. शरीरातल्या पेशी त्याला गिळतात आणि स्वतःच मरतात, मग नव्या पेशी येतात, त्याही मरतात. हळूहळू फुफ्फुस घट्ट होत जातं. हा सिलिकोसिस. त्यावर पूर्ण बरं करणारा उपाय आजही नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढतो. सिंगापूरमध्ये 1970 च्या दशकात कामामुळे होणाऱ्या आजारांत हा एक मोठा आजार होता आणि रोग्यांमध्ये ग्रॅनाईटच्या खाणींतले कामगार ठळकपणे होते. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला निश्चित कर्करोगकारक ठरवलं.

मघाचा लॅपटॉपचा प्रयोग आठवतोय? रोगतज्ज्ञही फुफ्फुसाचा काप दोन ध्रुवकांमध्ये ठेवून बघतात. अभ्रकाचे किंवा शंखजिऱ्याचे कण लख्ख उजळतात, क्वार्ट्झचे जेमतेम अंधूक दिसतात. तो 0.009 चा फरक तिथंही तसाच लागू होतो. जो सगळ्यांत घातक, तोच सगळ्यांत मंद दिसतो.

इथं एक गैरसमज दूर करते. आपल्या बेसाल्टच्या रासायनिक पृथक्करणातही सिलिका सुमारे 50 टक्के दिसते. पण ती पायरॉक्सीन, फेल्स्पार अशा खनिजांत बांधलेली असते, मोकळं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. ग्रॅनाईटमध्ये ते साधारण पाव ते एक तृतीयांश असतं. म्हणून 'सिलिका किती' एवढंच विचारून भागत नाही, 'कोणत्या खनिजात' हे विचारावं लागतं. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारा अकीक मात्र क्वार्ट्झच. गुजरातेत खंभातला अकीक घासून मणी करणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस फार, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलंय.

आणि हे काही जुन्या खाणींपुरतं नाही. आपल्यातल्या कितीजणांनी घराचं नूतनीकरण करताना 'क्वार्ट्झ टॉप'चा ओटा घेतलाय? हात वर नका करू, मला माहीत आहे! तो कृत्रिम दगड असतो, क्वार्ट्झचा चुरा राळेत बसवलेला, आणि कित्येकदा त्यात 90 टक्क्यांहून जास्त सिलिका असते. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्याला त्याचा धोका नाही, तेव्हा घाबरू नका. धोका आहे तो कोरडा कापणाऱ्याला. तरुण कामगार थोड्या वर्षांत आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडाचा वापर बंद केला. तुमच्या घरी ओटा कापायला माणूस आला तर दोन गोष्टी विचारा: पाणी सोडून कापणार ना? तोंडावर नीट बसणारा मास्क आहे ना? भोकं कारखान्यातच पाडून आणता आली तर उत्तम. घासाघीस करताना आपण पन्नास डॉलरसाठी अर्धा तास बोलतो, त्यातलं एक मिनिट याला देऊ या.

भारतात सुट्टीला गेलात की नाशिकजवळ सिन्नरचं गारगोटी संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. आपल्या काळ्या दगडाच्या पोटात ॲपोफिलाईट, स्टिलबाईट, वाघोलीचं निळंशार कॅव्हनसाईट अशी किती सिलिकेट खनिजं लपलेली असतात ते तिथं दिसतं. ॲपोफिलाईटच्या माथ्यावरची मोत्यासारखी झाक पाहिली की मुलांना विचारा, "याचं पाटन कुठल्या दिशेला असेल?" उत्तर त्या झाकेतच आहे, कारण आतले पत्रे त्याच दिशेने पसरलेले असतात.

तर रविवारी येताना एक भिंग आणि पोलराईज्ड गॉगल आणा. पुआका टेकडीवर खाणीचं पाणी बघायला सगळे थांबतीलच. तिथं एक मिनिट दगडाकडेही वळू या. आधी गार शोधू, मग फेल्स्पार, मग अभ्रक. आणि ज्यांनी हा दगड फोडून आपल्याला दीपगृह, रस्ता, घरं दिली, त्यांची आठवण काढू.

एवढं बोलून थांबते. शंका असतील तर चहाच्या वेळी विचारा, तुकडा मात्र मला परत हवाय.