खुरपे कोणाच्या हातात?

या परिषदेला गावोगावचे रोपवाटिकाधारक, घरोघरी बागकामाची सेवा देणारे व्यावसायिक आणि मागच्या रांगांत बसलेले माझे माळी बांधव आले आहेत, ज्यांच्या हातांवर हा सगळा धंदा उभा आहे. अध्यक्षपदासाठी माझे नाव ज्यांनी सुचवले त्यांचे आभार. यजमानांनी व्यवस्था चोख ठेवली आहे आणि जेवणाबद्दल सकाळपासून चांगलेच ऐकतो आहे, त्यामुळे फार ताणणार नाही.

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो उरकून घेतो. कोकोपीटचे भाव आणि माणसांची टंचाई यांवर काल दिवसभर बोलणे झाले. रोपांना जीएसटी नाही, लँडस्केपिंगला १८ टक्के आहे, तर एकाच बिलात दोन्ही कसे दाखवायचे, हेही कालच्या वक्त्यांनी समजावून सांगितले. ज्यांना समजले त्यांनी मला नंतर सांगावे. उरळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यातली रोपे देशभर जातात, याचा अभिमान आपल्याला होता आणि आहे. झाला आढावा.

आता जे बोलायचे आहे ते मी बरीच वर्षे पोटात ठेवले आहे. दरवर्षी हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात जातो आणि आभारप्रदर्शनाआधीच्या पाच मिनिटांत विरतो. आज माइक माझ्याकडे आहे.

माझी तक्रार अशी: आपण अपंग गिऱ्हाइकाच्या हातातले खुरपे काढून घेतो, आणि त्यालाच सेवा म्हणतो.

चाकाच्या खुर्चीतले आजोबा, कुबड्या घेऊन चालणाऱ्या बाई, दृष्टी गेलेला मुलगा यांच्या घरचे काम आले की आपण काय करतो? आपला माळी जातो, तण काढतो, छाटणी करतो, पाणी घालतो, झाडून घेतो. घरमालक बाजूला बसून बघतो. माळी निघताना म्हणतो, "बघा साहेब, कशी झाली बाग!" ती बाग त्या माणसाची राहिलेली नसते. खर्च तो करतो आणि बाग आपली होते.

सुगमतेची चर्चा निघाली की आपल्यातले जाणते लोक रॅम्पपाशी थांबतात. रॅम्प हवाच, त्यात वाद नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जागा नाही म्हणून चार फुटांत उतरवलेली घसरगुंडी म्हणजे रॅम्प नव्हे. वाट निदान नव्वद सेंटीमीटर रुंद हवी, खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळे हवे, आणि नर्सरीत शोभेसाठी पसरलेली खडी आधी उचलायला हवी, कारण चाक तिच्यात रुतते. कायद्याचेही ऐकून घ्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी एकवीसवर नेली आणि सुगमतेची जबाबदारी सरकारी सेवांबरोबर खासगी सेवांवरही टाकली. म्हणजे तुमच्यामाझ्यावर. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातले किमान नियम सक्तीचे करायला केंद्राला सांगितले. त्याआधी आपण काय करत होतो, हे विचारायची सोय नाही. पण रॅम्प माणसाला बागेपर्यंत आणतो, पुढे काय? पुढे आपण त्याला बाकाशेजारी उभा करतो आणि फुले दाखवतो.

तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे. अपंगांच्या बागेला ठिबक लावा, टायमर बसवा, मोबाइलवर सगळे चालेल, कोणाला वाकायला नको. काल यावर एक देखणे सादरीकरणही झाले. माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. अपघातानंतर कमरेखाली बळ नाही. मुलगा परदेशी. त्याने मोठ्या प्रेमाने टायमर पाठवला, आम्ही बसवला. पुढच्या खेपेला गृहस्थ मला म्हणाले, "अहो, एवढं एकच काम माझ्या नावावर उरलं होतं, तेही तुम्ही नळाला दिलंत." टायमर काढला. लांब दांडीची हलकी झारी आणि नळाला हाताच्या कोपराने चालेल असा लांब खटका, एवढ्यावर त्यांचे भागले. ज्यांना हातही उचलता येत नाहीत त्यांना टायमर जरूर द्या. पण सगळ्यांना सरसकट टायमर लावणे हे आळशी डॉक्टरने प्रत्येक तापाला एकच गोळी द्यावी तसे आहे.

त्याच गृहस्थांना गुलाब हवा होता. इथे आपल्या धंद्याचे खरे कौशल्य लागते आणि तेच आपण वापरत नाही. खुर्ची वाफ्याखाली सरकवायची तर गुडघ्यांना सत्तर सेंटीमीटर मोकळी जागा लागते. त्यावर मातीला फार तर पंधरा-वीस सेंटीमीटर उरतात, नाहीतर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. तेवढ्या मातीत मेथी, कोथिंबीर, पालक येतो. गुलाब येत नाही. गुलाबाला खोल माती हवी, म्हणजे खालून भरीव असा साठ सेंटीमीटर उंचीचा वाफा, आणि खुर्ची बाजूने लावायची. मग माणूस एका बाजूला वळून काम करतो, कंबर दुखते, त्यामुळे वेळ कमी ठेवायचा. वाफ्याची रुंदी हात पोचेल एवढी, एका बाजूने साठ सेंटीमीटर, याहून जास्त नको. ही मापे एकदा काढली की सगळ्यांना चालतात असेही नाही. प्रत्येक माणूस बसवून, हात पसरायला लावून मोजावे लागते. शिंपी मोजतो, आपण का मोजत नाही?

आणि गच्ची! पुण्यातल्या किती इमारतींत लिफ्ट गच्चीच्या एक मजला खाली थांबते? वर जायला जिना, जिन्यानंतर पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला वीतभर उंबरा. गच्चीवरची बाग म्हणून आपण जे विकतो त्यातून खुर्चीवरचा माणूस पहिल्याच पायरीला बाद. त्याची बाग बाल्कनीत किंवा खिडकीच्या जाळीत उतरवावी लागते, आणि तिथे वजनाचा प्रश्न येतो. बारा इंची मातीची कुंडी ओली भरली की वीस किलोच्या पुढे जाते. धडधाकट माणसालाही ती सरकवताना घाम फुटतो. श्री. अ. दाभोळकर आणि डॉ. दोशी यांनी पालापाचोळा, उसाचे चिपाड असल्या हलक्या माध्यमात गच्चीवर पिके घेऊन दाखवली, त्यात छपरावरचा भार वाचला. तोच भार मनगटावरचाही वाचतो, हे आपल्या लक्षात यायला इतकी वर्षे का लागली कोण जाणे.

अंध गिऱ्हाइकांसाठी नर्सरीत ब्रेल पाट्या लावाव्यात, असा ठराव मागे आला होता. चांगला ठराव. पण ज्यांची दृष्टी उतारवयात जाते त्यांतल्या अनेकांना ब्रेल येत नाही. आपल्या पाट्या पावसात धुऊन जातात, डोळसांनाही वाचता येत नाहीत, ते वेगळेच. माझ्या नर्सरीत एक बाई येत, दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. आमची मुले लांबूनच ओरडायची, "हात लावू नका!" एकदा त्यांनी जास्वंदीच्या पानाची खालची बाजू बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "पानं चिकट लागतायत. पिठ्या ढेकूण आलाय तुमच्याकडे." आला होता. सुपरवायझरला दिसला नव्हता. नर्सरीत काय हवे असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी पाटीचे नावही काढले नाही. म्हणाल्या, "रांगा हलवू नका. मोगरा काल जिथे होता तिथेच आज असू द्या. आणि वाटेत पाइप टाकू नका." पानओवा, गवती चहा, सब्जा, कढीपत्ता वाटेच्या कडेला ठेवले की त्यांना आपण कुठे आहोत ते कळे. कण्हेर आणि चिकाची, काटेरी झाडे मात्र हाताच्या अंतरावरून मागे नेली. खर्च काय आला? काही नाही. सवय बदलावी लागली, ती अजूनही पुरती बदललेली नाही.

"पडले तर जबाबदार कोण?" हा प्रश्न प्रत्येक परिषदेत विचारला जातो. माझ्या इतक्या वर्षांत पावसाळ्यात शेवाळावरून घसरून जे पडले ते सगळे धडधाकट होते. काठीवाला माणूस पाऊल टाकण्याआधी जमीन बघतो.

ही परदेशी खुळे आहेत, असे कुणी पुटपुटले तर तेही ऐकू येते मला. इंग्लंडमध्ये थ्राइव्ह ही संस्था १९७९पासून बागकामातून अपंगांबरोबर काम करते, हे खरे. पण आपल्याला तिकडे जायची गरज नाही. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, खडकाळ माळावर, बोटे झडलेल्या हातांनी शेती उभी राहिली. बाहेरच्यांनी येऊन ती करून दिली नाही. त्या हातांना बधिरपणामुळे फोड आलेला कळत नाही, म्हणून अवजाराची मूठ जाड आणि मऊ गुंडाळलेली हवी. एवढे साधे ज्ञान या महाराष्ट्रात सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. आपल्या दुकानांत मात्र खुरप्याची मूठ एकाच मापाची मिळते, आणि कटरला स्प्रिंग इतकी कडक की संधिवाताच्या बोटांनी तो मिटतच नाही.

पोलिओबद्दलही बोलले पाहिजे. वन्य विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. पोलिओ गेला, पण पोलिओ झालेली माणसे आपल्यात आहेत, पन्नाशी-साठीला आली आहेत, कॅलिपर लावून फिरतात, त्यांच्याकडे आता थोडा वेळ आहे, थोडे पैसे आहेत, बाग करायची हौस आहे. त्यांना आपण दरपत्रक पाठवतो ते 'संपूर्ण देखभाली'चे.

कामावर घेण्याचा मुद्दा काल निघाला. ऐकू न येणाऱ्या मुलाला काम सांगायचे कसे, असे एकाने विचारले. कलम बांधताना सांगायचे काय असते? दाखवायचे असते. माझ्याकडे मृदुकाष्ठ कलमाला सर्वांत स्वच्छ हात आहे तो अशाच एका मुलाचा. अडचण येते ती नर्सरीबाहेर. त्याच्यासारखे गिऱ्हाईक आपल्याला फोनवर बोलावू शकत नाही, आणि आपण फोनशिवाय नोंदणी घेत नाही. मेसेजवर घ्या. दारावरची बेल वाजवून परत येऊ नका, निघतानाच मेसेज टाका.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. गिऱ्हाइकाशेजारी बसून, त्याच्या हाताने काम होऊ देणारा माळी अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लावतो. तो तास कोणाच्या खिशातून जायचा? मी तासावर पैसे घेणे सोडले आणि कामावर घेतो. काही महिने अंगावर येतात. सगळ्यांना हे परवडेल असे मी म्हणणार नाही.

परिषदेने एक समिती नेमावी, तिच्यात निम्मे तरी अपंग ग्राहक असावेत. नावे कार्यकारिणी ठरवील. वाफ्यांची मापे, अवजारे आणि माळ्यांसाठीच्या सूचना यांची एक छोटी पुस्तिका निघावी. ती कोणी लिहायची हे अजून ठरलेले नाही, मी थोडे लिहीन. माळ्यांच्या प्रशिक्षणाचेही काहीतरी करावे लागेल.

दुपारच्या सत्रात स्वयंचलित सिंचनावर आमचे तरुण मित्र बोलणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. सूत्रसंचालकांना विनंती, प्रश्नोत्तरांना वेळ जरा जास्तच ठेवा.