कबुलीचा कागद

मंडळी, आज एका कैद्याची हकीकत सांगतो. ती दूर अमेरिकेतली आहे, पण खरी आहे.

१९७६ साली तिथल्या फिनिक्स शहरात डॉन बोल्स या बातमीदाराच्या मोटारीखाली बाँब उडाला. अकरा दिवसांनी तो वारला. जॉन ॲडमसन नावाचा इसम पकडला गेला. सरकारने त्याच्याशी लेखी करार केला. त्याने खुनाचा हलका आरोप कबूल करायचा, जोडीदारांविरुद्ध साक्ष द्यायची. बदल्यात त्याचा जीव वाचेल. वीस वर्षं दोन महिने तुरुंगात काढायचे. साक्षीला नकार दिला तर करार रद्द आणि जुना आरोप पुन्हा उभा, असंही कलम होतं.

त्याने साक्ष दिली. दोघांना शिक्षा झाली. पण १९८० साली वरच्या कोर्टाने ती रद्द केली. खटला पुन्हा चालणार, पुन्हा साक्ष हवी! ॲडमसन म्हणाला, माझं काम संपलं; आता साक्ष हवी तर मला सोडा.

आपण गवंड्याला विहीर बांधायला सांगतो. तो बांधतो. पावसात ती ढासळते. पुन्हा कोणी बांधायची? वाद होतोच. तसंच झालं हे.

करार त्यानेच मोडला, असं राज्याच्या कोर्टाने ठरवलं. मग तो घाबरला. साक्ष देतो म्हणाला. सरकारने ऐकलं नाही. पुरा खटला चालला आणि देहांताची शिक्षा झाली.

तो अपिलात गेला. एकाच गुन्ह्याचा खटला दोनदा कसा, हा त्याचा सवाल. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पाच न्यायाधीश विरुद्ध, चार बाजूने. कागदाचा अर्थ वेगळा लावला म्हणजे करार मोडला असं नव्हे, हे चौघांचं म्हणणं. मला तेच पटतं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या अपील कोर्टाने देहांत रद्द केला. ज्या न्यायाधीशाने आधी कैद पुरेशी मानली, त्यानेच मागाहून मरण दिलं होतं, हेही त्या कोर्टाने पाहिलं. १९९६ साली ॲडमसन सुटला.

आपल्याकडे २००६ पासून कबुलीच्या तडजोडीची सोय आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ती नाही. बायकांवरच्या गुन्ह्यांनाही नाही. अशा निकालावर साधं अपील चालत नाही. तेव्हा सहीआधी वकिलाकडून कागद वाचून घ्यावा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.