नोंथाबुरीतली ये-जा



बँकॉकच्या वायव्येला, चाओ फ्राया नदीच्या दोन्ही काठांवर नोंथाबुरी नावाचा एक लहानसा प्रांत आहे. तालुके अवघे सहा, पण वस्ती इतकी दाट की त्या बाबतीत थायलंडमध्ये बँकॉकखालोखाल याचाच क्रमांक लागतो. बँकॉकची हद्द संपून नोंथाबुरीची कुठे लागली, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. सकाळी इथून शहराकडे लोंढा निघतो, संध्याकाळी तो परत येतो. या प्रांतात मी काही काळ राहिलो आहे. तिथे माणसं कशी ये-जा करतात, ते आज सांगणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेट्रो कितीही छान असू दे, नोंथाबुरीचं रोजचं जगणं अडतं किंवा सुटतं ते स्टेशन आणि घर यांच्या मधल्या तुकड्यावर. तो तुकडा ज्यांनी सांभाळला आहे त्यांची कदर व्हायला हवी तेवढी होत नाही.

हा तुकडा इतका अवघड का, याचं उत्तर जमिनीत आहे. नोंथाबुरी हा मुळात फळबागांचा मुलूख. इथलं ड्युरियन देशभर नावाजलेलं. बागा कालव्यांच्या कडेने होत्या, जमिनीच्या लांबट अरुंद पट्ट्या पाडलेल्या. शहर वाढलं तसे मालकांनी हे पट्टे एकेक करून विकले, आणि प्रत्येक पट्ट्यात एक गल्ली निघाली. या गल्लीला तिथे सोय म्हणतात. ती मोठ्या रस्त्याला फुटते, किलोमीटर-दोन किलोमीटर आत जाते आणि कालव्यापाशी किंवा कुणाच्या भिंतीपाशी संपते. शेजारच्या सोयमध्ये जायचं तर पुष्कळदा आतून वाट नसते. पुन्हा मोठ्या रस्त्यावर या, वळा, पुन्हा आत शिरा. शेजारच्या घराची गच्ची दिसते, पण तिथे जायला पाऊण तास चालावं लागतं. अशा गल्लीत मोठी बस शिरू शकत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात कुणी चालूही शकत नाही.

आता मेट्रोकडे येऊ. नोंथाबुरीला जोडणारी जांभळी मार्गिका 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. पश्चिमेच्या क्लोंग बांग फायपासून बँकॉकमधल्या ताओ पूनपर्यंत 23 किलोमीटर, 16 स्थानकं, सगळी उंच खांबांवर. गाडी फ्रा नांग क्लाव पुलाला लागून नदी ओलांडते तेव्हा डब्यातले मोबाइलमध्ये डोकं घातलेले लोकही क्षणभर बाहेर बघतात. पण पहिल्या वर्षी या गाड्या बऱ्याचशा रिकाम्या धावल्या. कारण ताओ पूनच्या पुढचं बांग स्यू हे एकच स्थानक जोडायचं राहून गेलं होतं. शहराच्या पोटात नेणारी निळी मार्गिका बांग स्यूला सुरू व्हायची, जांभळी ताओ पूनला संपायची. मधल्या एका स्थानकाच्या अंतरासाठी लोकांना खाली उतरून बसने किंवा रेल्वेने जावं लागे. तेवीस किलोमीटर बांधून झाले होते, पण त्या सव्वा-दीड किलोमीटरपायी माणसं आपली गाडी सोडायला तयार नव्हती. 2017 च्या ऑगस्टमध्ये तो दुवा जोडला गेला आणि प्रवासी लगेच वाढले. पुढे 2023 च्या ऑक्टोबरात सरकारने या मार्गिकेचं तिकीट कितीही लांब गेलं तरी जास्तीत जास्त 20 बाट केलं, तेव्हा आणखी माणसं आली. माझ्या मते नोंथाबुरीच्या वाहतुकीचा सगळ्यात मोठा धडा दुवा नसलेल्या त्या पहिल्या वर्षात आहे, आणि तो फक्त थायलंडने घ्यावा असाही नाही.

त्यानंतर गुलाबी मार्गिका आली. ही मोनोरेल आहे. नोंथाबुरीच्या प्रशासकीय केंद्रापासून निघून पाक क्रेट, चेंग वत्थना असं करत पूर्वेला मिन बुरीपर्यंत साडेचौतीस किलोमीटर जाते. 2023 च्या नोव्हेंबरात चाचणी म्हणून ती फुकट चालवली आणि नव्या वर्षी तिकीट लावलं. चेंग वत्थना रस्त्यावर सरकारी कचेऱ्यांचं मोठं संकुल आहे. तिथे रोज जाणाऱ्यांना या गाडीने खरा दिलासा दिला.

पण मेट्रोच्या जिन्यावरून खाली उतरलात की पुढे काय? तिथे नारिंगी जाकीट घातलेली माणसं मोटारसायकली लावून ओळीने बसलेली असतात. हा त्यांचा थांबा, त्याला विन म्हणतात. पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर, एक बाक, पाण्याचा डबा, आणि पुठ्ठ्यावर आखलेला पट मांडून बाटल्यांच्या झाकणांनी चाललेला सोंगट्यांचा डाव. जाकिटाच्या पाठीवर नंबर असतो. शेजारी दरांचा फलक असतो, अमुक देवळापर्यंत इतके, अमुक शाळेपर्यंत इतके. घासाघीस नाही. ज्याची पाळी तो उठतो, डाव तसाच ठेवून. कचेरीत जाणाऱ्या बायका घट्ट स्कर्टमुळे दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतात, पर्स मांडीवर आणि हात मोकळे. मोटारींच्या दोन रांगांमधून ती गाडी अशा सफाईने निघते की नवख्याने डोळे मिटून घ्यावेत. हे लोक सोयमधलं प्रत्येक घर ओळखतात. औषध आणून देतात, विसरलेला डबा पोचवतात, शाळेतून मूल घेऊन येतात. कोणत्या आजींना सावकाश न्यायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. पण थायलंडच्या रस्त्यांवर जे मरतात त्यांतले बहुसंख्य दुचाकीवरचे असतात, हेही विसरता येत नाही. म्हणून मागे बसणाऱ्याने हेल्मेट मागून घ्यावं, आणि ते मागायला लाजू नये.

दुसरं वाहन सोंगथेव. छोट्या ट्रकच्या मागे छप्पर आणि समोरासमोर दोन बाकं. उतरायचं तेव्हा छताचं बटण दाबायचं, खाली येऊन चालकाच्या खिडकीतून पैसे द्यायचे. स्वस्त आहे, ठरलेल्या वाटेने जातं, आणि बाजारातून येणाऱ्या माणसाच्या भाजीच्या पिशव्यांनाही त्यात जागा असते. त्याखेरीज पांढऱ्या व्हॅन आहेत, त्या भरल्या की सुटतात. शहरी बसही आहेत, जुन्या बिगरवातानुकूलित लाल आणि नव्या विजेवरच्या निळ्या. बसचे जुने नंबर बदलून नवे आल्यापासून मुरलेल्या प्रवाशाचाही गोंधळ उडतो, म्हणून थांब्यावर शेजाऱ्याला विचारणं उत्तम.

माझं मन मात्र नदीत अडकलेलं आहे. नोंथाबुरीचा धक्का जुन्या लाकडी प्रांत कचेरीजवळ, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर आहे. चाओ फ्राया एक्सप्रेसची नारिंगी झेंड्याची बोट इथून दक्षिणेला निघते. मी जायचो तेव्हा कुठेही उतरा, तिकीट 16 बाट होतं. पत्र्याची लांबट नळी खुळखुळवत तिकीटवाली गर्दीतून येते, नळीच्या कडेवर तिकीट टरकन फाडते आणि सुटे पैसे त्याच नळीतून काढून देते. मागच्या टोकाला दोर घेऊन उभा असलेला पोऱ्या शिट्टी वाजवतो. त्या शिट्ट्यांच्या इशाऱ्यावर पुढे बसलेला चालक बोट धक्क्याला अचूक लावतो, कारण त्याला मागचं काही दिसत नाही. बोट थांबते ती काही क्षणच, तेवढ्यात चढायचं आणि उतरायचं. मागच्या बाजूची जागा भिक्षूंसाठी राखलेली असते. बँकॉकमधल्या सॅथॉन धक्क्यापर्यंत तास-सव्वा तास लागतो. मेट्रो याहून लवकर पोचवते, तरी रस्ते तुंबलेले असताना ही वाट मोकळी असते.

पाण्यावरची ही वाट जुनीच आहे. 1636 मध्ये राजा प्रासात थोंगने इथे नदीचं वळण वाचवणारा कालवा खणला. पुढे नदीच त्या कालव्यातून वाहू लागली आणि जुनं पात्र क्लोंग ओम म्हणून मागे राहिलं. 1722 च्या सुमाराला पाक क्रेटजवळ असाच कालवा खणला गेला आणि त्यातून को क्रेट हे बेट तयार झालं. मोन वंशाच्या कुंभारांच्या त्या बेटावर मोटारी नाहीत. वाट सनाम नुआ या देवळाच्या धक्क्यावरून लहान बोटीने पलीकडे जायचं आणि भाड्याची सायकल घ्यायची.

पण याच पाण्याने कधी वाटा अडवल्याही. 2011 च्या महापुरात बांग बुआ थोंग आणि बांग याई हे तालुके आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होते. लोकांनी मोटारी उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या आणि स्वतः होड्यांतून, लष्कराच्या उंच ट्रकमधून ये-जा केली. त्याच वर्षी सरकारने पहिली मोटार घेणाऱ्याला एक लाख बाटपर्यंत कर परत देण्याची योजना काढली. साडेबारा लाखांहून जास्त अर्ज आले. कामगारवर्गातल्या घरांत प्रथमच मोटार आली, आणि त्यांच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. पण रतनाथिबेत आणि तिवानोन रस्त्यांवरची संध्याकाळ तेव्हापासून आणखी लांबली. जांभळ्या मार्गिकेच्या काही स्थानकांशी वाहनतळाच्या इमारती बांधल्या आहेत. तिथे मोटार ठेवून पुढे मेट्रोने जाणारे खूप आहेत आणि ते शहाणपणाचं आहे. आपल्यापैकी कुणी नोंथाबुरीत स्वतः मोटार चालवणार असेल तर वाहतूक डावीकडूनच आहे, पण आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा.

साय नोय हा पश्चिमेचा भातशेतीचा तालुका रेल्वेपासून अजून दूर आहे. मेट्रोचं पुढचं काम ताओ पूनहून दक्षिणेला, शहराच्या दिशेने चाललं आहे. त्यामुळे साय नोयच्या लोकांना क्लोंग बांग फायपासून पुढे सोंगथेव, बस किंवा आपली मोटारसायकल, एवढंच. तिथे पाहुणे म्हणून जाणार असाल तर सकाळी निघा. उतरताना परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते चालकालाच विचारून घ्या आणि त्याच्याकडून वेळ कागदावर लिहून घ्या.