हाँगकाँग : जमीन कोणाची, शब्द कोणाचा?

‘घर पाहावें बांधून’ अशी मराठींत जुनी म्हण आहे. घर बांधूं लागलें म्हणजे माणसाची ऐपत, त्याचा धीर आणि आप्तेष्टांची माया या सर्वांची परीक्षा होते, असा तिचा आशय. परंतु ही परीक्षा माणसाप्रमाणें सरकारचीहि होते. एखादें सरकार कोणासाठीं चालतें व त्याची सत्ता कोठें संपते, हें जाणावयाचें असेल तर तेथील लोकांचीं घरें कोणाच्या जमिनीवर उभीं आहेत व त्यांचें मोल कोण भरतो, एवढें विचारलें तरी पुरे. या दृष्टीनें चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाँगकाँग हें शहर फार बोधप्रद आहे.

या शहराशीं मुंबईचा संबंध जुना आहे. चीनशीं चाललेल्या अफूच्या व कापसाच्या व्यापारांत मुंबईच्या पारशी पेढ्यांचें मोठें अंग होतें. मुंबईंत जन्मलेले होर्मसजी मोदी यांच्या देणगीनें हाँगकाँगच्या विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली. अफूच्या व्यापारावरून पेटलेल्या युद्धाच्या अखेरीस, १८४२ च्या नानकिंगच्या तहानें, हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेलें. १८६० सालीं समोरचें कौलून मिळालें, आणि १८९८ सालीं त्याच्या पाठीमागचा विस्तीर्ण मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्यानें आला. त्या पट्ट्याची मुदत १९९७ सालीं सरावयाची होती. मागचा मुलूख सोडून पुढचें शहर जगणें शक्य नव्हतें. म्हणून एका पट्ट्याच्या तारखेनेंच सबंध शहराचें भवितव्य ठरविलें.

हाँगकाँगची जगांत कीर्ति झाली ती ‘हात न घालणाऱ्या सरकारा’चें गांव म्हणून. १९६१ ते १९७१ या काळांत सर जॉन काउपरथ्वेट हे तेथें अर्थसचिव होते. व्यापाऱ्यानें आपल्या जबाबदारीवर नफा मिळवावा किंवा बुडावें, सरकारनें मध्यें पडूं नये, असा त्यांचा बाणा. आंकडे हातीं आले कीं अधिकाऱ्यांस ढवळाढवळ करण्याचा मोह होतो, या भयानें राष्ट्रीय उत्पन्नाचे आंकडे गोळा करण्यासहि ते नाखूष असत. मद्य, तंबाखू, इंधन अशा थोड्या जिनसा सोडल्यास आयातीवर जकात नाहीं, विक्रीवर कर नाहीं आणि कंपन्यांच्या नफ्यावरील कर फार तर साडेसोळा टक्के, अशी तेथील व्यवस्था आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं तर या शहराची मुक्त कंठानें स्तुति केली.

मग एवढ्या थोड्या करावर राज्यकारभार चालला कसा? या प्रश्नाचें उत्तर जमिनींत आहे. सेंट जॉनचें ख्रिस्तमंदिर ज्या जागेवर उभें आहे तेवढी वगळली, तर हाँगकाँगची जमीन कोणाच्या कायम मालकीची नाहीं. तेथील श्रीमंतांतला श्रीमंतहि सरकारचा पट्टेदारच. सरकार जमिनीचे तुकडे लिलांवानें व निविदेनें पट्ट्यानें देतें आणि त्यांच्या मोबदल्यावर खजिना भरतें. जमीन जपून, थोडी थोडी बाहेर काढली कीं मोल चढतें. १९८४ च्या ब्रिटन-चीन करारानें तर, संयुक्त मंडळाच्या संमतीवांचून १९९७ पर्यंत दर वर्षीं ५० हेक्टरांहून अधिक नवी जमीन देऊं नये, अशी मर्यादाच घातली. अर्थात् जो कर पावतीवर दिसत नाहीं, तो भाड्यांत दिसतो. उजव्या हातानें सोडलेलें डाव्या हातानें वसूल होतें; आणि तें गिरणीमालकापेक्षां खोलींत राहणाऱ्या कारकुनास अधिक बोंचतें.

हात न घालणाऱ्या या सरकारास घरें बांधण्यासहि हात घालावाच लागला. १९५३ च्या नाताळच्या रात्रीं शेक किप मेई येथील झोपड्यांस आग लागून पन्नास हजारांवर निर्वासित उघड्यावर पडले. सरकारनें तेथें इमारती उभारल्या आणि त्यांतून सरकारी घरांची प्रचंड योजना वाढत गेली. १९६६ व १९६७ सालच्या दंग्यांनीं राज्यकर्त्यांचे डोळे आणखी उघडले. १९७१ ते १९८२ पर्यंत गव्हर्नर असलेल्या मॅकलिहोज यांच्या अमदानींत १८ लाख लोकांना घरें देण्याचा संकल्प झाला, लांचलुचपत निपटण्यासाठीं १९७४ सालीं स्वतंत्र खातें निघालें आणि नऊ वर्षांचें मोफत शिक्षण सुरू झालें. सुमारें ७५ लाख वस्तीच्या या शहरांत आज निम्म्याच्या जवळपास लोक सरकारी किंवा सरकारी साहाय्याच्या घरांत राहतात. घरभाडें स्वस्त म्हणून मजूर थोड्या वेतनांत निभावला, आणि मजुरी थोडी म्हणून कारखान्यांचा माल जगांत खपला. खुल्या बाजारपेठेचा पाया असा सरकारी चुन्या-विटांचा होता.

परंतु सरकारच जमीनमालक झालें म्हणजे त्यास दोन धन्यांची चाकरी करावी लागते. १९९७ सालीं हाँगकाँग चीनकडे परत गेल्यावर पहिले मुख्य प्रशासक तुंग ची-ह्वा यांनीं दर वर्षीं ८५,००० घरें बांधण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच सुमारास आशियांतील आर्थिक अरिष्ट येऊन ठेपलें आणि २००३ पर्यंत घरांच्या किंमती साठ टक्क्यांहून अधिक उतरल्या. ज्यांनीं कर्ज काढून घरें घेतलीं होतीं त्या मध्यमवर्गाचा संताप झाला, बांधकामाचे मक्तेदार घाबरले, खजिना आटला आणि ती योजना सोडून द्यावी लागली. घर नसणारा किंमत उतरण्याची वाट पाहतो. घर असणारा ती उतरूं नये म्हणून देव पाण्यांत ठेवतो. या दोघांत न्याय करावयाचा तर सरकारच्या पाठीशीं लोकमताचें बळ हवें.

नेमकें तेंच बळ या सरकारास कधीं लाभलें नाहीं. इंग्रजी अमलांत गव्हर्नर लंडनहून येई. कायदेमंडळांत मतदारांनीं थेट निवडलेले सभासद १९९१ सालीं प्रथम बसले. पुढें ‘एक देश, दोन व्यवस्था’ या सूत्रानें मूलभूत कायदा झाला आणि भांडवलशाही व्यवस्था व राहणी ५० वर्षें न बदलण्याचें अभिवचन त्यांत मिळालें. परंतु मुख्य प्रशासक निवडतें तें एक मर्यादित मंडळ, आणि त्यांत व्यापार-उद्योगांच्या प्रतिनिधींचें वजन मोठें. शिवाय त्या कायद्याचा अखेरचा अर्थ सांगण्याचा अधिकार बीजिंग येथील राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीकडे ठेवलेला आहे. १९९९ सालीं, शहराच्या सर्वोच्च न्यायालयानें वास्तव्याच्या हक्काविषयीं निर्णय दिल्यावर, समितीनें हा अधिकार प्रथम वापरला. तेव्हांच शेवटचा शब्द कोणाचा, हें कळून चुकलें.

लोकांनीं २००३, २०१४ व २०१९ सालीं रस्त्यावर येऊन आपला असंतोष प्रकट केला. २०१९ सालीं विधिमंडळाच्या इमारतीची मोडतोड होईपर्यंत मजल गेली. त्यानंतर बीजिंगनें २०२० सालीं राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा लागू केला आणि २०२१ सालीं निवडणुकीची पद्धत बदलली. ९० सभासदांच्या मंडळांत मतदारांनीं थेट निवडावयाचे आतां वीसच उरले. शांतता परत आली, व्यापाराला स्थैर्य आलें, असें सरकार म्हणतें. आणि दंग्यांनीं भयभीत झालेल्या अनेकांस तें पटतेंहि. परंतु त्या वर्षींच्या निवडणुकीस शंभरांतील तीसच मतदार गेले, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं.

घराचा प्रश्न मात्र जागच्या जागीं आहे. जुन्या इमारतींतील घरांच्या फळ्या मारून केलेल्या खोल्यांत दोन लाखांवर लोक राहतात. अशी खोली निदान ८ चौरस मीटर असावी, असा कायदा होण्यास २०२५ साल उजाडावें लागलें. आठ चौरस मीटर म्हणजे एक खाट, एक चूल आणि उभें राहण्यापुरती जागा.

यावरून दिसतें तें असें. सरकार थोडा कर घेतें म्हणून तें दुबळें असतें असें नाहीं. आणि शहराला स्वतःचें नाणें, स्वतःचीं न्यायालयें व स्वतःची जकात असली म्हणून त्याचा शेवटचा शब्द त्याचाच असतो असेंहि नाहीं. हाँगकाँगांत नागरिक सरकारचा पट्टेदार आहे, आणि तें सरकार बीजिंगचें पट्टेदार. स्वायत्ततेच्या अभिवचनाची पन्नास वर्षें २०४७ सालीं पुरीं होतात. जमिनीचे संपत आलेले पट्टे आणखी ५० वर्षें वाढवून देण्याचा कायदा २०२४ सालीं अमलांत आला, त्यामुळें घरवाल्याची चिंता पुष्कळशी मिटली आहे. शहराच्या पट्ट्याचें काय, हें ठरविणारा मात्र त्या शहरांत राहत नाहीं.