गाभ टाकणाऱ्या गाईची लस

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभ टाकते, वार अडकते, आणि घरात म्हणतात, पाय घसरला असेल, नाहीतर दृष्ट लागली. पुष्कळदा कारण असतो ब्रुसेला नावाचा जंतू. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी तापाने दगावलेल्या शिपायांच्या प्लीहेतून तो वेगळा काढला. निरसे दूध प्याले, किंवा पडलेला गाभ उघड्या हाताने उचलला, की तो माणसालाही धरतो. ताप चढतो, उतरतो, सांधे दुखतात, आणि महिनोन्‌महिने माणूस कामाचा राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, लस आहे ना! आहे. एस-१९ लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला नि पारडीला एकदाच टोचतात; खोंडाला नाही. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते. पण हा जंतू दुबळा असला तरी जिवंत! गाभण गाईला टोचली तर गाभ पडू शकतो. टोचणाऱ्याच्याच बोटात सुई गेली तर त्याला ताप. शिवाय पुढे रक्त तपासताना खूण लसीची की रोगाची, हा घोळ होतो.

मग शास्त्रज्ञ म्हणाले, सबंध जंतू कशाला? गुरुजी, मुलांना चोराचा दाखला द्या. माग काढणाऱ्या कुत्र्याला चोर लागत नाही, त्याचा सदरा पुरतो. जंतूची काही प्रथिने म्हणजे असा सदरा. २००२ मध्ये शेळ्यांतल्या ब्रुसेलाची सगळी जनुके वाचून झाली, सुमारे ३,२०० भरली. आता संगणकाची चाळणी लावतात: कोणते प्रथिन जंतूच्या बाहेरच्या अंगाला आहे, कोणते त्याच्या सर्व जातींत सारखे आहे, कोणते आपल्या शरीरातल्या प्रथिनांसारखे दिसत नाही. चाळणीतून उरलेले प्रथिन निरुपद्रवी जंतूकडून तयार करवून उंदराला टोचायचे, मग खरा ब्रुसेला द्यायचा, आणि काही आठवड्यांनी प्लीहेत किती जंतू उरले ते मोजायचे. ओएमपी-३१ आणि एल-७/एल-१२ या प्रथिनांनी उंदरांत बरे काम केले आहे.

अडचण इथेच आहे. हा चोर पहारेकऱ्याच्याच घरात लपतो, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पोटात! रक्तातली प्रतिद्रव्ये तिथे पोचत नाहीत. पेशींनाच जागे करावे लागते, आणि नुसते प्रथिन ते काम जिवंत लसीइतके करीत नाही. म्हणून त्यासोबत चेतवणारी द्रव्ये मिसळून पाहतात. गोठ्यात मात्र एस-१९ ची जागा अजून अशा लसीने घेतलेली नाही.

तेव्हा गाभ पडला तर मोजे घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या. आणि दावणीच्या कालवडीचे वय आजच मोजा. आठ महिने उलटण्याआधी गुरांच्या दवाखान्यात वर्दी द्या.