मुक्कामाची दुसरी सोय

डोंगरात एका रात्रीच्या मुक्कामास निघणाऱ्या मंडळींमध्ये पाठपिशव्या भरताना एक वाद हमखास उभा राहतो. तंबू बरोबर आहेच, किंवा गडावर गुहा आहे. मग निवाऱ्यासाठी आणखी एक कापड कशाला वाहून न्यायचे? एक पक्ष म्हणतो, ओझे वाढले की चाल मंदावते आणि मंद चालणाऱ्यालाच अंधार वाटेत गाठतो. दुसरा म्हणतो, असावे आपले जवळ. पहिल्याचे म्हणणे खोटे नाही आणि दुसऱ्याचे केवळ भित्रेपणाचे नाही.

तथापि या वादाचा निकाल बहुधा ‘तंबू फाटेल काय?’ या एकाच शंकेवर लावला जातो, आणि तेथेच विचार चुकतो. चांगला तंबू एका रात्रीत सहसा फाटत नाही. निवारा शाबूत असतो, परंतु माणूस तेथवर पोचत नाही, ही अधिक मोठी अडचण होय.

१९५४ सालच्या इटालियन के-टू मोहिमेत हेच घडले. ३० जुलै रोजी वॉल्टर बोनात्ती व हुंझाचा अमीर महदी हे प्राणवायूची नळकांडी घेऊन शेवटच्या तळाकडे चढत होते. तेथील तंबू ठरल्या जागी नव्हता. तो अधिक उंचावर, अवघड ठिकाणी लावलेला होता. अंधार पडला आणि त्या दोघांना सुमारे ८,१०० मीटर उंचीवर, बर्फात खोदलेल्या ओट्यावर, उघड्यावर रात्र काढावी लागली. दोघेही वाचले, महदीच्या पायांची बोटे मात्र गेली. दुसऱ्याच दिवशी त्या वरच्या तंबूतील दोघांनी शिखर गाठले.

सह्याद्रीत तसले हिम नाही, हे खरे. परंतु दर हजार मीटर चढणीस तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि पाणी शरीरातील उष्णता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने ओढून नेते. भिजलेल्या अंगास रात्रभर वारा लागला, तर माणूस धोकादायक रीतीने गारठण्यास तापमान शून्यावर येण्याची गरज नसते. पावसाळ्यात धुक्याने वाट झाकली की ओळखीचा गडही परका होतो. १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर लेणी आहेत. पण श्रोत्यांपैकी ज्यांनी तेथील केदारेश्वराची गुहा पाहिली असेल, त्यांना आठवेल की शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी असते. लेणे आहे म्हणजे झोपण्यास कोरडी जागा आहे, असे नव्हे. शिवाय कोरडी गुहा आधी आलेल्यांनी भरलेली असू शकते.

म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिला निवारा स्वतःच्या हातातला आहे, की गुहा, देऊळ अशा परस्वाधीन जागेवर भिस्त आहे? वाट चुकल्यास गाव किती तासांवर आहे? आणि ऋतू ओला आहे की कोरडा? गाव तासाभरावर, रात्र कोरडी आणि मंडळींजवळ दोन तंबू असतील, तर तिसरे ओझे खुशाल घरी ठेवावे. एरवी दुसरी सोय हवीच.

ती जड असण्याचे कारण नाही. दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि शंभर मायक्रॉन जाडीचे प्लास्टिकचे कापड अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्याबरोबर दोरी आणि अंगाखाली घालण्यास चटई असावी, कारण ओली जमीनही ऊब शोषून घेते. कापड अंगाभोवती गुंडाळल्यास तोंड उघडे ठेवावे. त्याच्या आडोशाला बंदिस्त जागेत चूल पेटवू नये, विषारी वायूने जीव जातो.

मात्र ही सोय एकाच्याच पिशवीत असू नये. मंडळींची ताटातूट झाली, तर कापड एकीकडे आणि भिजलेला माणूस दुसरीकडे राहील. प्रत्येकाने स्वतःपुरता आडोसा जवळ बाळगला, तर अंधारात निसरड्या कड्यावरून वाट शोधत फिरण्याचा मोह टळतो. सकाळ होईपर्यंत एका जागी थांबता येणे, एवढाच त्या अर्ध्या किलोचा उपयोग. आणि तो पुरेसा आहे.