सैल कवळी आणि तिचा डिंक



लग्नाची पंगत बसलेली असते. वाढपी आग्रह करीत असतात. पण ओळीतले एक वयस्क गृहस्थ घास तोंडात घोळवीत, हळूच हाताचा आडोसा करून जिभेने आपली कवळी सावरीत असतात. असा प्रसंग आमच्या कटंगीत काय, बालाघाट-गोंदियात काय, आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मग कोणी तरी त्यांना सल्ला देतो, “काका, औषधाच्या दुकानात कवळी चिकटविण्याचे मलम मिळते, ते लावा.” सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. जे त्यात राहून जाते, तेच आज सांगावयाचे आहे.

संपूर्ण बत्तिशी गेलेल्या माणसाची कवळी हिरडीच्या आणि लाळेच्या आधाराने राहते. काही दात शाबूत असणाऱ्यांची अर्धी, काढता-घालता येणारी कवळी मात्र शेजारच्या दातांना तारेच्या आकड्यांनी धरून असते. तिचे खरे खांब म्हणजे हे उरलेले दात. ती नीट बसत असेल, तर तिला मलमाची गरज सहसा पडतच नाही. ती हलू लागली, की समजावे, तोंडात काही तरी बदलले आहे. दात काढल्यावर तेथील हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, तारेचा आकडा सैल होतो, किंवा आधाराचा दातच हलू लागतो. यांपैकी एकही दोष मलमाने दुरुस्त होत नाही. तो केवळ झाकला जातो.

या चिकट पदार्थांचा आपल्या प्रदेशाशी एक जुना संबंध आहे. मध्य प्रदेशाच्या कोरड्या, खडकाळ रानांत पांढरट सालीचे कुल्लूचे झाड आढळते. मराठीत त्यालाच कांडोळ म्हणतात. त्याचा डिंक पाण्यात भिजला, की अनेक पटींनी फुगतो आणि चिकट होतो. या गुणामुळे विसाव्या शतकात कवळीच्या भुकट्यांमध्ये त्याचा पुष्कळ उपयोग झाला. परंतु हा डिंक आम्लधर्मी आहे, त्याला शिरक्यासारखा वासही येतो. ज्याच्या तोंडात एकही दात नाही, त्याला याची फारशी चिंता नाही. पण ज्याचे चार-सहा दात उरले आहेत, त्यांच्या वरच्या कवचाला हे आम्ल हळूहळू मऊ करू शकते. म्हणजे कवळी घट्ट झाली, पण खांब पोखरले! म्हणून अर्ध्या कवळीसाठी या डिंकाची भुकटी वापरू नये.

दुसरी गोष्ट जस्ताची, म्हणजे झिंकची. काही मलमांत ते घालीत असत. २००८ साली अमेरिकेतील मज्जातंतुतज्ज्ञांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हे लोक सैल कवळीपायी आठवड्याला दोन-दोन नळ्या किंवा त्याहूनही अधिक मलम वापरीत होते. पोटात गेलेल्या जादा जस्तामुळे शरीराला तांबे मिळेनासे झाले, हातापायांना बधिरता आली आणि चालताना तोल जाऊ लागला. पुढे २०१० मध्ये एका मोठ्या उत्पादकाने जस्तयुक्त मलम बनविणे थांबविले. तरीही विकत घेताना वेष्टन वाचावे आणि ‘झिंक-फ्री’ असेल तेच घ्यावे. वरची आणि खालची अशा दोन पूर्ण कवळ्यांनाही एक मोठी नळी सात-आठ आठवडे पुरावयास हवी. अर्धी कवळी वापरणाऱ्याची नळी त्याआधी संपली, तर दोष मलमाच्या प्रमाणात तरी आहे, नाही तर कवळीच्या मापात.

आता रीत ऐका. कवळी काढून ब्रशाने धुवावी व पुसून कोरडी करावी. हिरडीला टेकणाऱ्या बाजूस, कडांपासून दूर, मलमाचे दोन-तीन लहान ठिपके द्यावेत. तारेवर किंवा दातांवर लावू नये. कवळी बसवून क्षणभर दाबून धरावी. मलम बाहेर आले, तर ते जास्त झाले असे समजावे. रात्री कवळी काढावी, तिला आणि हिरडीला लागलेले मलम ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, उरलेले दात घासावेत आणि कवळी साध्या पाण्यात ठेवावी. कढत पाणी नको, त्याने ती वाकडी होते.

घरगुती गोंद किंवा खेळणी चिकटविण्याचा पक्का डिंक तोंडात कधीही वापरू नये. पकडीने तार वाकविण्याचा उद्योगही करू नये. मोडकी, सैल कवळी झोपेत घशात जाऊ शकते, आणि तिचे प्लॅस्टिक क्ष-किरणांत बहुधा दिसतही नाही.

आपल्या भागात खर्रा-सुपारीची सवय फार. तेव्हा कवळीखालची जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर ‘कवळी लागली असेल’ म्हणून त्यावर मलम थापू नये. तो डॉक्टरांना दाखवावा. मुखाचा कर्करोग पुष्कळदा असाच, न दुखता सुरू होतो.

दंतवैद्याकडे जावयाचे, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि मोटारभाडे पडते, हे मी जाणतो. नळी स्वस्त वाटते, ती यामुळेच. पण कवळीला आतून नवे अस्तर देणे किंवा तार कसणे हे बहुधा लहानसे काम असते. ते टाळून गमावलेला आधाराचा दात मात्र पुन्हा उगवत नाही. मलम हा चार दिवसांचा टेकू आहे. टेकूवर घर उभे राहते, पण टेकूलाच घर समजू नये, एवढेच माझे सांगणे.